पाइपलाइनच्या कंट्रोल रूममध्ये नवीन लागलात? स्क्रीनवरचा आकडा ताजा आहे का, हे आधी बघायला शिका

ठाणे-बेलापूर रोडने रोज ये-जा करणाऱ्या बहुतेकांना पत्ता नसतो की या पट्ट्यात जमिनीखालून काय काय चाललंय. मुंबई हायचा गॅस समुद्राखालून उरणला येतो, दहेजहून एक मोठी लाइन उरण-पनवेलकडे येते, दाभोळची लाइन पनवेलला मिळते, माहुलच्या रिफायनऱ्यांचं पेट्रोल-डिझेल एका बाजूला मनमाडकडे आणि दुसऱ्या बाजूला पुणे-सोलापूरकडे जातं, आणि वरून महानगर गॅसचं जाळं आहेच सोसायट्यांपर्यंत. हे सगळं कुठल्यातरी कंट्रोल रूममध्ये बसलेली दोन-तीन माणसं चोवीस तास बघत असतात, आणि दरवर्षी त्या खुर्च्यांवर नवीन पोरं-पोरी येतात, कोणी डिप्लोमा इन्स्ट्रुमेंटेशन, कोणी ईएनटीसी, कोणी कॉन्ट्रॅक्टरकडून टेलिकॉम टेक्निशियन म्हणून.

त्यांना पंप शिकवतात, व्हॉल्व्ह शिकवतात, परमिट (कामाची लेखी परवानगी) शिकवतात. टेलिकॉम मात्र "ते टेलिकॉमवाले बघतील" म्हणून सोडून देतात आणि मला हे अजिबात पटत नाही, कारण तुम्ही पाइपलाइन कधी बघतच नाही, तुम्ही बघता ते फक्त लांबून आलेले आकडे. म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि हा सगळा लेख त्यावरच आहे: बंद पडलेल्या स्क्रीनपेक्षा जुना आकडा ताजा म्हणून दाखवणारी स्क्रीन जास्त घातक असते. स्क्रीन काळी झाली तर माणूस लगेच फोन उचलतो. पण "प्रेशर ४२.६ बार" असं हिरव्या अक्षरात दिसत असेल आणि तो वीस मिनिटांपूर्वीचा असेल तर कोणीच उठत नाही.

पायरी १: एका आकड्याचा प्रवास हाताने काढा

पहिल्या आठवड्यात कागद घ्या, तुमच्या लाइनवरचं एक एसव्ही स्टेशन निवडा, म्हणजे जिथे सेक्शनलायझिंग व्हॉल्व्ह असतो ते छोटं कंपाउंड, आणि तिथल्या एका प्रेशर ट्रान्समीटरचा आकडा तुमच्या स्क्रीनपर्यंत कसा येतो ते काढा. ट्रान्समीटर, तिथून केबल, आरटीयू (स्टेशनवरचे आकडे गोळा करून पुढे पाठवणारा छोटा कॉम्प्युटर), मग स्विच किंवा मक्स (अनेक सिग्नल एकत्र करून पाठवणारं यंत्र), मग ऑप्टिकल फायबर, मग कंट्रोल रूमचा सर्व्हर, मग तुमची स्क्रीन. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: इथे तुटलं तर मला कळेल का?

पहिल्या टप्प्यावर उत्तर फार छान आहे. ट्रान्समीटर प्रेशर किती ते ४ ते २० मिलीअँपच्या करंटने सांगतो. ० ते १०० बारची रेंज असेल तर ४ मिलीअँप म्हणजे ० बार, १२ म्हणजे ५० बार, २० म्हणजे १०० बार. आता शून्यासाठी ० मिलीअँप का नाही ठेवलं? कारण वायर तुटली की करंट ० होतो, आणि मग "प्रेशर शून्य आहे" आणि "मला काहीच माहीत नाही" यातला फरक राहिला नसता. ४ पासून सुरू केल्यामुळे त्याच्या बरंच खाली गेलं की आरटीयूला समजतं की लाइनमध्ये नाही, वायरमध्ये किंवा ट्रान्समीटरमध्ये गडबड आहे. म्हणजे "मला माहीत नाही" असं सांगायची सोय त्या दोन वायरींमध्येच केलेली आहे.

पुढच्या टप्प्यांवर ही सोय टिकतेच असं नाही. आयईसी ६०८७०-५-१०४ प्रोटोकॉल (आरटीयू आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती ठरलेली भाषा) असेल तर आकड्याबरोबर क्वालिटी जाते, म्हणजे हा आकडा इनव्हॅलिड आहे, हा जुना आहे, हा कोणीतरी हाताने टाकलेला आहे वगैरे, आणि वेळेचा शिक्काही जाऊ शकतो. मॉडबस हा साधा प्रोटोकॉल असेल तर यातलं काही नाही, नुसता रजिस्टरमधला नंबर येतो. ट्रान्समीटर मेला, आणि आरटीयूच्या प्रोग्रॅममध्ये कोणी "शेवटचा आकडा धरून ठेव" असं करून ठेवलं असेल तर मॉडबस तो नंबर इमानदारीत पाठवत राहतो. म्हणून तुमच्या स्टेशनवर कुठला प्रोटोकॉल आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, आणि मॉडबस असेल तर आरटीयूमध्ये हार्टबीट ठेवलाय का तेही विचारा. हार्टबीट म्हणजे दर सेकंदाला एकाने वाढणारा काउंटर, तो थांबला की आरटीयूचा प्रोग्रॅम थांबला.

पायरी २: ताजेपणा तपासायची सवय

शिफ्टवर बसल्या बसल्या पहिली पाच मिनिटं आकडे वाचू नका, आकड्यांचं वय बघा. कम्युनिकेशनचं पान उघडा, प्रत्येक आरटीयूचा शेवटचा यशस्वी पोल, म्हणजे सर्व्हरने विचारलं आणि आरटीयूने उत्तर दिलं, तो किती वाजताचा आहे ते बघा. मग ट्रेंड, म्हणजे आकड्याचा वेळेनुसारचा आलेख, उघडा. चालू लाइनचं प्रेशर कधीच पट्टीने मारल्यासारखं सरळ नसतं, शेवटचा अंक हलत असतो. एखादी रेघ एकदम सपाट दिसली तर शंका घ्या. पण थांबा, डेडबँड मोठा ठेवला असेल तरी रेघ सपाटच दिसते, कारण ठराविक बदल झाल्याशिवाय आरटीयू नवीन आकडा पाठवतच नाही, त्यामुळे डेडबँड किती आहे हे माहीत नसेल तर तुम्ही एक तर उगाच घाबराल नाहीतर उगाच निवांत राहाल.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला १० जून १९९९ ला १६ इंची पेट्रोलची लाइन फुटली. ऐन त्या वेळी कंट्रोल रूमची स्काडा सिस्टिम (लांबचे आकडे दाखवणारी आणि तिथे कमांड पाठवणारी) प्रतिसादच देत नव्हती, आणि चौकशीत निघालं की चालू सिस्टिमवरच डेटाबेसचं काम केलं जात होतं. पेट्रोल ओढ्यात गेलं, पेटलं, तीन मुलं गेली, त्यातली दोन जेमतेम दहा वर्षांची. त्या पाइपला काही वर्षं आधी शेजारच्या खोदकामात मार लागलेला होता. म्हणून सर्व्हरवर "छोटंसं अपडेट" करायला कोणी आलं तर परमिट बघा, आधी स्टँडबाय सर्व्हरवर करायला लावा, आणि त्या वेळात पंप सुरू-बंद करणं, टँक बदलणं असलं काही ठेवू नका. नवीन असलात तरी हे बोलायचं. "साहेब, परमिट दाखवाल का" एवढं म्हणायला सिनिऑरिटी लागत नाही.

पायरी ३: फायबर कुठून जातं ते पायाने बघा

आपल्याकडे बहुतेक क्रॉस-कंट्री लाइनींमध्ये फायबर पाइपच्याच खंदकात, एचडीपीई डक्टमधून, म्हणजे प्लास्टिकच्या नळीतून, टाकलेलं असतं. स्वस्त पडतं, जागा वेगळी घ्यावी लागत नाही, कारण १९६२ च्या पाइपलाइन कायद्याखाली त्या पट्ट्यात वापराचा हक्क, ज्याला आपण आरओयू म्हणतो, तो आधीच घेतलेला असतो. यातून एक गोष्ट निघते जी बऱ्याच टेलिकॉमवाल्यांच्याही डोक्यात नसते.

फायबर तुटलं म्हणजे नुसता टेलिकॉमचा फॉल्ट नाही. पाइपपासून हातभर अंतरावर कोणीतरी काहीतरी खुपसलं असण्याची ती बातमी आहे.

घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, कुठे पाण्याची लाइन, कुठे नाला रुंद करणं, तळोजा-महापेला एमआयडीसीत प्लॉटचं काम, जेसीबी सगळीकडे. त्यामुळे लिंक डाऊन आली की दोन कामं एकदम सुरू करायची: टेलिकॉमची गाडी पाठवा आणि लाइन वॉकरलाही, म्हणजे लाइनवर चालत पाहणी करणाऱ्या माणसालाही, पाठवा. आधी स्प्लाइस करू म्हणजे फायबर जोडू, पाइप नंतर बघू, असं नाही. खरचटलेला पाइप त्या दिवशी गळत नाही, काही वर्षांनी गळतो, बेलिंगहॅमला तेच झालं.

कुठे पाठवायचं ते ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून ते किती अंतरावर तुटलंय ते मोजणारं यंत्र) सांगतो, पण इथे नवीन माणूस हमखास फसतो. ओटीडीआर फायबरची लांबी सांगतो, चेनेज, म्हणजे लाइनच्या सुरुवातीपासूनचं जमिनीवरचं अंतर, नाही. प्रत्येक जॉइंट चेंबरमध्ये फायबरची गुंडाळी सोडलेली असते, पुढेमागे जोडायला लागेल म्हणून, आणि ती लांबी साचत जाते. ओटीडीआर १७.२ किलोमीटर म्हणाला तर जागा चेनेज १६.८ ला पण असू शकते. चांगल्या स्टेशनवर याचा तक्ता लावलेला असतो, चेंबर नंबर, चेनेज, फायबरचं अंतर आणि जवळची खूण. तुमच्याकडे नसेल तर बनवायला घ्या, पावसाळ्याआधी.

रिंगबद्दल थोडं. एसडीएच (फायबरवरून डेटा नेण्याची एक पद्धत) रिंगमध्ये, म्हणजे गोल जोडलेल्या फायबरमध्ये, एक बाजू तुटली की ५० मिलीसेकंदांत ट्रॅफिक दुसऱ्या बाजूने फिरतं, त्यामुळे सगळे म्हणतात रिंग आहे, काळजी नाही. पण रिंगच्या दोन्ही बाजू एकाच खंदकात असतील, किंवा स्टेशनच्या गेटपासून आत दोन्ही केबल एकाच डक्टमधून येत असतील, तर ती रिंग फक्त ड्रॉइंगमध्ये आहे. हे ऑफिसात बसून कळत नाही, चालत जाऊन चेंबरची झाकणं उघडून बघावं लागतं.

फायबरला पर्याय म्हणून व्हीसॅट (छोट्या डिशने सॅटेलाइटवरून जोडणी) असेल तर लक्षात ठेवा, सॅटेलाइट जवळपास ३६,००० किलोमीटर वर आहे, प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद सहज जातो, त्यामुळे पोलिंगचा टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) फायबरसाठी लावलेलाच ठेवला तर बॅकअपवर गेल्या गेल्या सगळी स्टेशनं फेल दिसायला लागतात. आणि केयू बँड (सॅटेलाइटची एक फ्रिक्वेन्सी) असेल तर कोकणातल्या जोरदार पावसात सिग्नल पडतो, म्हणजे गरज असते तेव्हाच. ४जी राउटर असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घालून निर्धास्त होऊ नका, दोन्हीचे अँटेना एकाच टॉवरवर असू शकतात.

ज्यांच्या खोदकामामुळे धोका आहे त्यांच्यापर्यंत पोचणं हेही कम्युनिकेशनच आहे. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" ॲप आणलं, खोदणाऱ्याने आधी कळवायचं आणि ज्याची लाइन खाली आहे त्याने उत्तर द्यायचं. आलेल्या चौकशीला तुमच्या बाजूने वेळेत उत्तर जातंय का, हे कोण बघतं ते विचारून घ्या. शिवाय तेच फायबर वापरून खोदकामाची कंपनं ऐकणारी यंत्रणा आता बऱ्याच लाइनींवर आहे, पीआयडीएस म्हणतात तिला, एका युनिटने साधारण ४० ते ५० किलोमीटर फायबर ऐकता येतं. रस्त्याकडेला ती सुरुवातीला खूप खोटे अलार्म देते, ट्रॅक्टर गेला अलार्म, म्हशी गेल्या अलार्म. वैतागून बंद करू नका, प्रत्येक अलार्मला लाइन वॉकरने काय बघितलं ते लिहा, त्यावरच ती ट्यून होते.

पायरी ४: वीज

१२ ऑक्टोबर २०२० आठवा, कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही लाइनी ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. गॅस आणि तेल काही विजेबरोबर थांबत नाहीत, प्रेशर तसंच असतं. टेलिकॉम चालतो ४८ व्होल्टच्या बॅटरी बँकवर, आणि लांबच्या एसव्ही स्टेशनला बहुतेक सोलर.

हिशोब सोपा आहे: २०० अँपिअर-अवरची बँक, १० अँपिअर लोड, कागदावर २० तास. पण बॅटरी जुनी, शेल्टरचा एसी बंद, एप्रिलची गरमी, आणि पूर्ण रिकामी करायची नसते, त्यामुळे खरे तास बरेच कमी. खरे किती ते लोड टाकून टेस्ट केल्याशिवाय कळत नाही, व्होल्टमीटरवर चांगली दिसणारी बँक लोडवर तासाभरात बसू शकते. बॅटरी लो आणि मेन्स फेल हे दोन अलार्म प्रत्येक स्टेशनवरून कंट्रोल रूमला येतायत ना ते बघा.

यूपीएसचं काम चालू असताना विशेष सावध. कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला ९ सप्टेंबर २०१० ला गॅसची ३० इंची लाइन फुटली, ८ माणसं गेली, त्या संध्याकाळची सुरुवात मिल्पिटासच्या टर्मिनलवर यूपीएसचं काम चालू असताना झाली, कंट्रोलची वीज गडबडली आणि प्रेशर वाढलं. पाइपचा वेल्ड मुळात खराब होता हे खरं, पण ठिणगी पॉवरच्या कामाची. आणि गॅस बंद करायला ९५ मिनिटं लागली कारण तिथले व्हॉल्व्ह लांबून बंद होणारे नव्हते, माणूस जाऊन फिरवावे लागले.

पायरी ५: घड्याळं

हे कोणी शिकवत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. लाइन अचानक फुटली की प्रेशर पडल्याची एक लाट दोन्ही बाजूंना पळते, पेट्रोल-डिझेलमध्ये सेकंदाला साधारण एक किलोमीटर किंवा थोडी जास्त. दोन टोकांना ती किती वाजता पोचली यावरून फुटलेली जागा काढतात.

समजा ४० किलोमीटरचा सेक्शन, वेग सेकंदाला १,००० मीटर. अ टोकाला लाट आधी आली, ब टोकाला १० सेकंदांनी. ४० मधून १० वजा, राहिले ३०, त्याचे निम्मे १५. म्हणजे अ पासून १५ किलोमीटर. ताळा करा, १५ किलोमीटरला १५ सेकंद, उरलेल्या २५ ला २५ सेकंद, फरक १०. बरोबर.

आता ब टोकाचं घड्याळ फक्त २ सेकंद मागे आहे असं धरा. फरक १० ऐवजी ८ दिसेल, आणि उत्तर येईल १६ किलोमीटर. एका किलोमीटरचा घोळ, म्हणजे रात्री दोन वाजता गाडी नाल्याच्या पलीकडच्या गावात उभी आणि पेट्रोल वाहतंय अलीकडच्या गावात. म्हणून प्रत्येक स्टेशनच्या जीपीएस घड्याळाचं सिंक तुटल्याचा अलार्म साधा समजून ॲकनॉलेज करून टाकायचा नाही. अँटेनावर पक्ष्याचं घरटं, पावसात कनेक्टरमध्ये पाणी, हीच कारणं असतात, अर्ध्या तासाचं काम.

दुसरी पद्धत म्हणजे मास बॅलन्स, जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं का. बारीक गळती ती तासा-तासांनी पकडते, लाटवाली पद्धत ती पकडतच नाही, त्यामुळे दोन्ही हव्यात. पण यंत्रणेने ओरडून सांगितलं तरी माणूस ऐकेल असं नाही. मिशिगनमध्ये मार्शलजवळ २५ जुलै २०१० ला क्रूडची लाइन फुटली, अलार्म येत होते, कंट्रोल रूमने समजूत करून घेतली की लाइनमध्ये पोकळी झाली असेल, आणि पंप दोनदा पुन्हा सुरू केले. १७ तास गेले, शिफ्टा बदलल्या, शेवटी बाहेरच्या एका गॅस कंपनीच्या माणसाने फोन करून सांगितलं. आकडे ताजे होते, अर्थ चुकीचा लावला. त्यामुळे कारण सिद्ध होईपर्यंत गळतीच धरा, आणि पंप परत सुरू करायला दुसऱ्या माणसाची सही असू द्या.

पायरी ६: कमांड देताना

व्हॉल्व्ह बंदची कमांड दिली, स्क्रीनवर रंग बदलला, झालं असं नसतं. तो रंग कमांड गेल्याचा आहे की लिमिट स्विचच्या (व्हॉल्व्ह खरंच शेवटपर्यंत फिरला का ते सांगणाऱ्या) फीडबॅकचा, हे विचारून ठेवा. बंद व्हायला किती सेकंद लागतात ते माहीत पाहिजे, आणि शक्यतो दोन्ही बाजूंचं प्रेशर वेगळं व्हायला लागलेलं दिसलं पाहिजे. लोकल-रिमोट स्विच मेंटेनन्सनंतर लोकलवर राहिला तर तुमची कमांड कुठेच पोचत नाही, तो स्विचही स्क्रीनवर दिसायला हवा. तेलाच्या लाइनीत आधी पंप मग व्हॉल्व्ह, उलटं केलं तर सर्जने, म्हणजे प्रेशरच्या अचानक उसळीने, लाइन दुसरीकडे फुटू शकते. आणि लिंक पूर्ण गेली तरी स्टेशनवरचं लोकल ट्रिप (धोका दिसला की जागेवरच बंद करणारी यंत्रणा) आपोआप चाललं पाहिजे. सुरक्षितता फक्त लिंकच्या भरवशावर असेल तर ते डिझाइनच चुकलंय, असं स्पष्ट म्हणायला घाबरू नका.

पायरी ७: तोंडाने बोलणं

धोकादायक भागात साधा मोबाइल न्यायचा नाही, तिथे इंट्रिन्सिकली सेफ (ठिणगी न पडणारा) वॉकी-टॉकीच. बोलताना ऐकलेलं परत म्हणायचं. समजा लाइन वॉकर काकांशी, असं:

"काका, कंट्रोलमधून बोलतोय. चेनेज चौतीस पॉइंट दोन, नाल्याच्या पनवेलकडच्या बाजूला. परत सांगा."

"चौतीस पॉइंट दोन, पनवेलकडची बाजू. जेसीबी उभा आहे इथं, बकेट खाली हाय."

"चालू आहे की बंद?"

"बंद केला, ड्रायव्हरला खाली उतरवलाय. वास नाय येत."

इथे एक लक्षात घ्या, वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं मोठ्या ट्रान्समिशन लाइनवर धरायचं नाही. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, मर्केप्टन हे वासाचं रसायन साधारण सिटी गेट स्टेशनला (शहराचं जाळं सुरू होतं तिथे) मिसळतात, त्याआधीच्या लाइनीत बहुधा नसतो. म्हणून काकांच्या हातात डिटेक्टर पाहिजे, नुसतं नाक पुरत नाही. "त्या मंदिराजवळ", "मागच्या वेळच्या जागी" असं बोलणं टाळा, चेनेज आणि दिशा, बस.

पायरी ८: बाहेरच्या वायरी

मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन रॅन्समवेअरमुळे काही दिवस बंद राहिली. हल्लेखोर शिरले ते एका जुन्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याची वाट) अकाउंटमधून, ज्याला पासवर्डशिवाय दुसरी तपासणी नव्हती. पेनड्राइव्ह, ऑपरेटरच्या पीसीला मोबाइल चार्जिंगला लावणं, व्हेंडरचा रिमोट ॲक्सेस काम झाल्यावरही चालू राहणं, या तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. व्हेंडरला ॲक्सेस दिला तर वेळ लिहा, काम झालं की स्वतः बंद करा.

पायरी ९: हँडओव्हर

लॉगबुकमध्ये "सर्व नॉर्मल" हे दोन शब्द लिहू नका. कुठल्या स्टेशनची लिंक बॅकअपवर आहे आणि कधीपासून, कुठला आकडा हाताने टाकलेला आहे आणि खरा कधी येणार, कुठला अलार्म दाबून ठेवलाय आणि कोणाच्या परवानगीने, कुठे खोदकाम चालू आहे आणि तिथे आपला माणूस उभा आहे का, एवढं लिहा आणि येणाऱ्याला स्क्रीनसमोर बसवून दाखवा, तो चहा घेऊन आला तरी दहा मिनिटं थांबा. हॉटलाइन उचलून एकदा शेजारच्या स्टेशनला लावून बघा, समोरून आवाज आला की मगच सही करा.